नऊ पॉइंट चार मिलीसेकंदांचं भांडण

अचूकराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आईबापांनी चारचौघांसारखं चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. गल्लीने त्याला अचूकराव केलं ते त्याच्या लग्नाच्या दिवशी. लग्न साडेदहाचं. हा नवरामुलगा दहा वाजून एकोणतीस मिनिटांनी दारात हजर, आणि आत खुर्च्या मांडणारा एक माणूस सोडला तर चिटपाखरू नाही. बायकोकडची मंडळी पाऊण तासाने आली, तेव्हा याने सासऱ्यांशी एक शब्द बोलायच्या आधी मनगट पुढे केलं. सासरे बिचारे भले. म्हणाले, जावईबापू, घड्याळ छान आहे हो. त्यांना वाटलं, नवीन घेतलंय म्हणून दाखवतोय.

असा माणूस पदरात पडला की बाईचं काय होतं ते विचारू नका. त्याला अंडं सहा मिनिटं दहा सेकंद उकडलेलं लागतं. बायको गेली तीस वर्षं ते मुद्दाम सहा मिनिटं वीस सेकंदांनी काढते. त्याला ते पहिल्या घासाला कळतं, तो तिच्याकडे बघतो, ती खिडकीबाहेर बघते. संसार म्हणजे आणखी काय असतं म्हणा.

पण घरातलं सोडा. खरी लढाई होती लॅबमध्ये.

गादीवाल्याच्या दुकानाशेजारचा लोखंडी जिना चढून गेलं की त्यांची लॅब लागते. लॅब म्हणजे दोन खोल्या आणि मधला बोळ. लोक तिथे स्टॉपवॉच आणतात, गाड्यांचा वेग मोजायची यंत्रं आणतात, फ्रिक्वेन्सी मोजायचे काउंटर आणतात, आणि आपलं यंत्र खरं बोलतंय की थापा मारतंय ते तपासून घेऊन दाखला नेतात. पुढच्या खोलीत धाकटा भाऊ. जाड मानेचा, हसरा, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात टाकणारा. आतल्या खोलीत अचूकराव, काडीसारखा, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. आणि मधल्या बोळात टेबल टाकून ताई, दोघांची थोरली बहीण. दाखले टाइप करणं हे तिचं काम. या खोलीतून त्या खोलीत निरोप नेणं हे तिचं दुसरं काम, कारण दोघे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

दोन खोल्यांमध्ये बारा पावलं. एक शिंकला तर दुसऱ्याला ऐकू येई. तरी अचूकराव आतून म्हणणार, ताई, त्याला सांग, स्टॉपवॉचची पेटी माझ्या दाराशी ठेवू नकोस. धाकटा बाहेरून म्हणणार, ताई, त्याला सांग, दार त्याच्या बापाचं नाही. मग अचूकराव, ताई, त्याला सांग, बाप दोघांचा एकच होता. ताई जागची न हलता दोन्हीकडे तोंड करून तेच परत सांगे, वर पदरची एकेक शिवी घालून. एकदा कंटाळून तिने सकाळचे सगळे निरोप साठवले आणि दुपारी एकदम दिले, उलट्या क्रमाने. त्या दिवशी तर गादीवाला वर येऊन विचारून गेला, कुणी मेलंय का म्हणून.

हे सगळं सुरू कशावरून झालं ते सांगायचं तर आतल्या खोलीतलं काम आधी समजलं पाहिजे. घाबरू नका, सोपं आहे.

आतल्या खोलीत क्वार्ट्झचा एक स्फटिक आहे, बोटाच्या पेरापेक्षा लहान. तो एका गरम डबीत बसतो आणि थरथरतो. ती डबी अचूकरावने कधी म्हणजे कधी थंड होऊ दिली नाही. वीज गेली की बॅटरी, बॅटरी दमली की दुसरी बॅटरी. स्वतःच्या पोरांना एवढं ऊबदार कुणी ठेवत नाही. त्या स्फटिकाच्या थरथरीवर त्याचं घड्याळ चालतं. आता स्फटिक कितीही गुणी असला तरी तो हळूहळू सरकतो, आणि किती सरकला ते विचारायला कुणीतरी मोठं लागतं. ते मोठं म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओवरचं वेळेचं स्टेशन. लांब कुठेतरी बसून ते रात्रंदिवस दर सेकंदाला एक ठोका पाठवतं. टक, टक, टक. गाणं नाही, बातम्या नाहीत. फक्त दर अर्ध्या तासाला एक आवाज येतो, आम्ही अमुक स्टेशन, वेळ तमुक, आणि परत टक, टक.

अचूकराव रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी रेडिओ त्या स्टेशनवर लावायचा. ठोका आकाशातल्या वरच्या थराला आपटून खाली येतो आणि ऊन डोक्यावर असताना तो थर जागचा फारसा हलत नाही, म्हणून दुपार. समोरच्या पडद्यावर डाव्या टोकाला त्याच्या स्वतःच्या घड्याळाचा ठोका, उजवीकडे जरा लांब स्टेशनचा ठोका. मधलं अंतर वाचायचं. स्टेशन दोन हजारांवर किलोमीटर दूर, म्हणून ठोक्याला इथवर यायला सात पॉइंट चार मिलीसेकंद लागतात. एक मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पडद्यावर सात पॉइंट चार दिसलं की घड्याळ बरोबर. आणि आजचा आकडा कालच्यापेक्षा किती हलला त्यावरून स्फटिकाची चाल कळते. दिवसात जेमतेम एक मिलीसेकंद हलला तरी चाल दहा कोटींत एकाने चुकली समजायचं. याचा स्फटिक आठवडाभरात तेवढा हलत नसे. अचूकराव हे असं सांगायचा की जसं काही स्वतः अंडं घालून उबवलंय.

रेडिओला स्पीकर होता. त्याची वायर अचूकरावने फार पूर्वी कापून टाकली होती. कामाला लागतो तो पडदा, मग ती टकटक कशाला ऐकायची? कान खोटं बोलतो, पडदा बोलत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. दोन-तीन गिऱ्हाइकं ते ऐकून भारावून गेली होती. ताई भारावली नव्हती.

आता अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अचूकरावच्या पित्ताशयात खडे झाले. दवाखान्यात चार दिवस. तेव्हा दोघे भाऊ बोलत असत, नुसते बोलत नव्हते, एका डब्यातून जेवत असत. धाकट्याने चार दिवस दुपारचे आकडे घेतले. पहिल्या दिवशी सात पॉइंट चार. दुसऱ्या दिवशी सात पॉइंट चार. तिसऱ्या दिवशी सोळा पॉइंट आठ. चौथ्या दिवशी सोळा पॉइंट आठ. त्याने आकडे जसेच्या तसे वहीत लिहिले आणि पुढे लिहिलं, कारण कळले नाही.

अचूकराव पोटाला टाके घेऊन थेट लॅबमध्ये आला. घरी नाही, लॅबमध्ये. वही उघडली, नऊ पॉइंट चार मिलीसेकंदांची उडी बघितली आणि टाक्यांसकट ओरडला. त्याचं म्हणणं एकच. स्फटिक असा उडी मारत नाही, म्हणजे तू घड्याळाला हात लावलास. पाडलंस, आपटलंस, बटण दाबलंस, काय केलंस ते सांग. धाकटा म्हणाला, दादा, मी हात लावला नाही. अचूकराव म्हणाला, खोटं बोलू नकोस. धाकटा म्हणाला, पोरांची शपथ. अचूकराव म्हणाला, पोरांना कशाला मधे घेतोस, एवढी लाज वाटत असेल तर कबूल कर. हे सगळं दोन गिऱ्हाइकांसमोर, बरं का. त्यातला एक हातात स्टॉपवॉच घेऊन उभा होता आणि त्याला ते ठेवायला जागा सापडत नव्हती.

मग अचूकरावने लाल पेन काढलं. त्याच्या वहीत खाडाखोड चालत नाही. काही चुकलं तर एक आडवी रेघ, तीही खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही, तारीख. लाल शाई फक्त शेऱ्याला. त्याने शेरा लिहिला, धाकट्याने निष्काळजीपणे घड्याळ हलवले व खोटे सांगितले, पुन्हा जुळवले. घड्याळ नऊ पॉइंट चारने मागे सरकवलं, पडद्यावर परत सात पॉइंट चार आणलं, आणि आतल्या खोलीची दुसरी किल्ली धाकट्याच्या जुडग्यातून काढून घेतली. नख घालून, तीन मिनिटं लागली कडीतून सोडवायला. धाकटा तेवढा वेळ जुडगं धरून उभा राहिला. ती तीन मिनिटं ताईला अजून आठवतात.

त्या दिवसापासून अबोला. तो पाळला अचूकरावने. धाकट्याने पहिले सहा महिने हाका मारून बघितल्या, दादा, अरे दादा. दादा भिंतीकडे बघून ताईला सांगायचा, त्याला म्हणावं, खरं आठवलं की बोल. मग धाकट्याच्या हाका बंद पडल्या, आणि नंतर त्यालाही गोडी लागली. भांडणाची गोडी वाईट, सुटत नाही.

हे असंच दोघे म्हातारे होईपर्यंत चाललं असतं. पण यंदा धाकट्याने एक डबा आणला. उपग्रहावरून वेळ घेणारा डबा, जेवणाच्या डब्याएवढा, छपरावर पांढरी टोपी लावायची की झालं. ना दुपार बघायची, ना आकाशातला थर. वीज कंपनीचं मोठं काम येऊ घातलं होतं. त्यांना त्यांच्या उपकेंद्रांतली घड्याळं एका मिलीसेकंदाच्या आत तपासून हवी होती. आजवर लॅबला खरी वेळ कुणी विचारलीच नव्हती, सगळे विचारायचे ते चाल. घड्याळ रोज सारखं चालतं ना, बस, मग ते नऊ मिलीसेकंद मागे आहे की पुढे, कुणाचं काय अडत होतं?

आता अडलं. धाकट्याने डब्याचा ठोका आणि आतून तारेने येणारा अचूकरावच्या घड्याळाचा ठोका शेजारी लावून बघितला. दादाचं घड्याळ नऊ पॉइंट चार मिलीसेकंदांनी मागे. धाकट्याने जेवण सोडून तीनदा मोजलं आणि मग ताईमार्फत निरोप पाठवला. निरोप गोड नव्हता. त्याला सांग, त्याच्या देवघड्याळाला खोकला झालाय.

अचूकरावने उलट निरोप दिला की बाजारातल्या खेळण्याला आतल्या खोलीशी बरोबरी करायचा अधिकार नाही. धाकट्याने गप्प बसण्याऐवजी मान्यता देणाऱ्या कार्यालयाला पत्रच लिहून टाकलं. आमच्या लॅबमध्ये वेळा दोन आहेत, कुठली खरी ते ठरवून द्या. कार्यालयाने कळवलं, गुरुवारी तपासनीस बाई येतील. दोन्ही घड्याळं एका मिलीसेकंदाच्या आत जुळली पाहिजेत. ज्याचं चुकीचं निघेल, त्याची वेळेच्या दाखल्यावरची सही रद्द.

सही रद्द. अचूकरावला कुणी सांगितलं असतं की तुझा पाय कापायचाय, तर त्याने कुठला, एवढं विचारलं असतं. पण सही? एकोणीस वर्षं प्रत्येक दाखल्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात तीच सही होती, वेटोळी, शेपटीला दोन टिंबं असलेली. त्या सहीशिवाय तो कोण होता? मनगट पुढे करणारा एक काडीपैलवान.

त्याने आठवडाभर धाकट्याच्या डब्याची पापं शोधली. डब्याचं पुस्तक वाचलं, दोनदा. मग स्वतःचं पुण्य दाखवायला जुन्या नोंदवह्या काढल्या, एकावर एक, टेबलावर गुडघ्याएवढ्या. आणि अकरा वर्षांपूर्वीच्या पानावर त्याला तो लाल शेरा दिसला. नऊ पॉइंट चार.

आता आपल्यासारखीला तिथेच शंका आली असती, की अरेच्चा, तेव्हाही नऊ पॉइंट चार आणि आताही नऊ पॉइंट चार? त्यालाही आली, पण कशी आली बघा. त्याच्या मनात आलं, बघा हा नालायक! जुना आकडा लक्षात ठेवून डबा मुद्दाम तेवढाच चुकीचा लावलाय, मला खिजवायला. याला म्हणतात मनात भरलेलं विष. गणित बरोबर आणि उत्तर भलतंच.

मग बुधवारी सकाळी त्याला वाटलं, बाईंना नुसता पडदा दाखवून भागायचं नाही. स्टेशन स्वतःच्या तोंडाने बोललं पाहिजे, त्यांच्या कानावर पडलं पाहिजे. म्हणून त्याने माळ्यावरून एक जुना स्पीकर काढला, वायर सोलली, डाग दिला, आणि साडेअकराला रेडिओ लावून बसला. टक, टक, टक. किती वर्षांनी ऐकत होता. मग ठोके थांबले आणि आवाज आला.

त्याच्या ओळखीचा आवाज बाईचा होता, जरा सर्दी झाल्यासारखा. हा आवाज पुरुषाचा होता. भाषा वेगळी. स्टेशनचं नाव वेगळं.

बोळातून ताईने विचारलं, हा कोण बाप्या बोलतोय आत? अचूकराव नकाशाचं पुस्तक काढून बसला होता, दोऱ्याने अंतर मोजत. ज्या स्टेशनचं नाव आत्ता ऐकलं, ते अठ्ठेचाळीसशे किलोमीटरवर. आकाशातल्या थरावरून दोन उड्या मारून येणाऱ्या ठोक्याला लागणारा वेळ त्याने मागच्या कागदावर काढला. सोळा पॉइंट आठ. त्यातून सात पॉइंट चार वजा केले. खरं तर करायची गरज नव्हती, पण त्याने केले, कारण तो अचूकराव.

जवळचं स्टेशन बंद पडलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, तो दवाखान्यात असताना, तिसऱ्या दिवशी. त्याच फ्रिक्वेन्सीवर लांबचं दुसरं स्टेशन आधीपासून ठोके पाठवत होतं, जवळच्याच्या आवाजाखाली झाकलं गेलं होतं. जवळचं गप्प झालं, लांबचं वर आलं. जवळच्याने महिनाभर आधी दर अर्ध्या तासाला, आम्ही बंद होतोय, आम्ही बंद होतोय, असं सांगितलं असणार. पण ते ऐकणार कोण? वायर कापली होती ना.

आणि वहीने तर तेव्हाच सगळं सांगितलं होतं. घड्याळ बंद पडलं असतं, डबी गार झाली असती, तर स्फटिकाची चाल पुढचे काही आठवडे बिघडली असती. चाल केसाएवढीही बदलली नव्हती. उडी सोडली तर आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे अगदी एका रेषेत. एवढी गोष्ट शिकाऊ पोरालाही दिसली असती. याला दिसली नाही, कारण तो त्या पानावर आकडे वाचत नव्हता, धाकट्याला वाचत होता.

धाकटा त्या वेळी बाहेर गेला होता. खोलीत अचूकराव एकटा, आणि त्याच्या हाताशी घड्याळ सरकवायचं बटण. नऊ पॉइंट चार पुढे सरकवलं की दोन्ही घड्याळं जुळणार. तपासनीस बाई खूश, सही शाबूत. फक्त वहीत एक उडी दिसेल, आणि उडीला कारण लागतं. कारण तर तयारच होतं. एकदा लिहून झालेलं, सगळ्यांनी मानलेलं. परत तेच लिहायचं. धाकट्याने पुन्हा घड्याळ हलवले.

खोटं कशाला सांगू, त्याने लाल पेनाचं टोपण काढलं. घड्याळ पुढे सरकवलं, पडद्यावर सोळा पॉइंट आठ आणलं, वही समोर ओढली आणि "धा" एवढं अक्षर लिहिलंसुद्धा. मग बसून राहिला. किती वेळ बसला ते त्याने मोजलं नाही. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा.

मग त्या "धा"वर त्याने आडवी रेघ मारली. खाली वाचता येईल अशी. सही, तारीख. शेजारी लिहिलं, स्टेशन बदलले होते, मी तपासले नाही, अकरा वर्षे घड्याळ मागे. मग जुनी वही काढून जुन्या शेऱ्यावर रेघ मारली आणि लिहिलं, हलवले नव्हते. एवढंच. माफी वगैरे शब्द त्या पेनात शाईबरोबर भरलेच नव्हते.

धाकटा आल्याचा जिना वाजला. अचूकराव आतून म्हणाला, "ताई, त्याला सांग, ते नऊ पॉइंट चार माझे होते."

ताईने टाइप करणं थांबवलं नाही. अकरा वर्षांत तिने एकही निरोप नाकारला नव्हता, घाणेरडेसुद्धा पोचवले होते. ती म्हणाली, "हा मी नाही नेणार. बारा पावलं आहेत, पाय तुझे आहेत."

त्याने परत सांगून बघितलं, ती बहिरी झाली. मग तो उठला. जुनी वही छातीशी धरून बारा पावलं गेला आणि पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिला. धाकटा एका काउंटरचं झाकण उघडून बसला होता. अचूकरावने वही टेबलावर ठेवली, पानावर बोट ठेवलं. धाकट्याने वाचलं. मग बोट बाजूला सारलं आणि परत वाचलं.

"तू हात लावला नव्हतास," अचूकराव म्हणाला.

धाकट्याची मान लाल झाली, ती जाड मान, कानापर्यंत. त्याने वही मिटली, टेबलाच्या काठाला सरकवली, आणखी सरकवली, इतकी की अचूकरावला पुढे होऊन झेलावी लागली. आणि बोळाकडे तोंड करून म्हणाला, "ताई, इथे उजेड अडवून कोण उभं आहे? मला काम आहे."

गुरुवारी तपासनीस बाई बरोबर दहाला आल्या. सडपातळ, चष्म्याला दोरी, पायात आवाज न करणारे बूट. त्यांनी दोन्ही घड्याळं लावून बघितली. जुळली. मग वह्या मागितल्या, आणि अचूकरावने लपवाछपवी न करता दोन्ही पानं उघडून दिली. बाई बराच वेळ वाचत होत्या. त्या "धा"वर थांबल्या, चष्मा वर करून अचूकरावकडे बघितलं, आणि त्याने त्याचंही कारण सांगितलं, जसंच्या तसं, की आधी काय लिहायला निघालो होतो. ताईने बोळात बसून तोंडाला पदर लावला. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून.

बाईंनी हिशोब मांडला. चालीचे सगळे दाखले खरे आहेत, चाल कधी चुकलीच नव्हती, त्यामुळे चालीच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या, दाखल्यावरची सही तशीच राहील. वेळेची गोष्ट वेगळी. चूक स्वतः शोधली आणि स्वतः लिहिली, म्हणून नियमाप्रमाणे ती सहीही ठेवता येते. पण एका अटीवर. लॅबमधल्या दुसऱ्या सही करणाऱ्याने, म्हणजे धाकट्याने, लिहून द्यायला हवं की याच्या नोंदींवर माझा विश्वास आहे. त्यांनी कागद धाकट्यासमोर ठेवला. दोन चौकोन, होय आणि नाही.

अचूकराव खुर्चीच्या टोकावर आला. धाकट्याने कागद उचलला, वाचला, पाठीमागची कोरी बाजू पण बघितली.

"बाई," तो म्हणाला, "मी जेवढे दिवस खोटारडा होतो, तेवढे दिवस याची सही राहणार नाही. अकरा वर्षं. मग बघू."

बाई म्हणाल्या, तसं लिहायला कागदावर जागा नाही. फक्त होय किंवा नाही. आणि वयाकडेही बघा, अकरा वर्षांनी हे एकोणसत्तर वर्षांचे होतील.

"अकरा वर्षं नाही," अचूकराव म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "अकरा वर्षं, दोन महिने, सहा दिवस."

माणसाची खोड बघा. स्वतःच्या गळ्यातला फास मोजून घ्यायचा तर तोही पुरा मोजून.

धाकट्याने बाईंचं पेन घेतलं आणि "नाही"च्या चौकोनात खूण केली. जोरात, कागदाला खालून उठाव आला. बाईंनी कागद अचूकरावपुढे सरकवला. खाली त्याची सही हवी होती, समजलं म्हणून. त्याने वेटोळी सही केली, शेपटीला दोन टिंबं दिली. सहीखाली वेळ लिहायची त्याची सवय, सेकंदांसकट. त्याने मनगटाकडे बघितलं नाही, आतल्या खोलीकडेही बघितलं नाही. मान न वळवता विचारलं, "तुझ्या डब्यात किती वाजले?"

ताईने बोळातून मान बाहेर काढली. निरोप तिच्याकडे नव्हता.

धाकटा डब्याकडे बघत म्हणाला, "अकरा बावन्न, सात सेकंद."

"पुढे?"

"पुढचं आता तुला काय करायचंय?"

अचूकरावने अकरा बावन्न लिहिलं, सात लिहिलं. सातच्या पुढे पॉइंट दिला, जागा मोकळी सोडली आणि कागद बाईंना परत दिला.